यादीतलं अक्षर

सातपूर, संकष्टी,
नोव्हेंबर २००३

चि. रंगनाथ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

भाऊबिजेची ओवाळणी पोचली. घोटीचा तांदूळ वीस किलो, साडी एक. रिक्षाचे अठरा रुपये झाले. हमालाचे वाचले, कारण पोतं ह्यांनीच वर आणलं. "साहेबांचा तांदूळ आहे, सवयीचं ओझं," म्हणाले. तू त्यांच्या गोदामाचा साहेब झाल्यापासून ते तुला रंगनाथ म्हणत नाहीत.

साडीच्या घडीतली चिठ्ठी वाचली. 'युनियनची यादी कोणी लिहिली, ते दाजींना विचारून कळव. मालक त्यालाच आधी काढणार.'

रंगनाथ, ह्यांच्यासोबत हमाली करणाऱ्या गेणूभाऊंचा पाय पोत्यांच्या थप्पीखाली मोडला, तेव्हा तुमचं ऑफिस म्हणालं, हजेरीपटावर नाव नाही, हा आमचा माणूसच नव्हे. दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या ओट्यावर जमले. "वहिनी मॅट्रिक आहेत, त्याच लिहितील." देवापुढे बसून मी युनियनसाठी चाळीस हमालांची नावं लिहिली, ह्यांचंही लिहिलं.

पाटीवर तुझा हात धरून मीच तुला गिरवायला शिकवलं. माझं अक्षर तू ओळखलं नाहीस, हे मला पटत नाही. मालकाला द्यायला तुला दुसरं कुणाचं तरी नाव हवंय ना? ते माझ्याकडून मिळणार नाही. माझं सांगितलंस, तर ह्यांचं काम जाईल. त्याचाही विचार मी केलाय.

एवढं लिहून चार दिवस हे पत्र पंचांगात पडून आहे. यादीशेजारी ठेवलं, तर मालकालाही अक्षर कळेल. तरी आज टपालात टाकतेय.

तू मालकाला काय सांगितलंस, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
अक्का