बोटभर चीर

२ फेब्रुवारी, रविवार. अकोला.
लेकीकडे आलो. देवश्रीच्या कॉलनीत मोफत हृदय-तपासणी शिबिर. ती म्हणाली, बाबा, आईला दम लागतो, दाखवून आणा. म्हटलं, दाखवायचं तर दोघांनीही. फॉर्म मीच भरले. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. सगळ्यात वर ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’. दोन्हींवर माझं टाकलं. खाली बारीक अक्षरांत ‘रुग्णाचे नाव, वय’. कुटुंबप्रमुख दिल्यावर पुन्हा ते कशाला? मोकळं सोडलं. बायका आधी, म्हणून चारुशीला आत गेली. मग मी.

९ फेब्रुवारी. राजापेठ, अमरावती.
देवश्रीने रिपोर्ट पाठवले. दोन पाकिटं, ४१ आणि ४२. दोन्हींवर माझंच नाव. पहिला नंबर अर्थातच कुटुंबप्रमुखाचा. उघडला. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, गळती जास्त, हृदयरोगतज्ज्ञांना त्वरित भेटा. खाली बसलो. दुसरा रिपोर्ट स्वच्छ. तो चारुशीलाला दिला. म्हटलं, बघ, तुला काही नाही, उगीच धापा टाकत असतेस. तिने माझा रिपोर्ट हातात घेतला. मग डोळे पुसून म्हणाली, तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना.

१० फेब्रुवारी, सकाळी ६.
निश्चय. घाबरायचं नाही. मीठ बंद. वजन उचलायचं नाही. आणि डॉक्टरकडे लगेच जायचं नाही. आधी अभ्यास. अडाणी पेशंटसारखं कोणासमोर बसणं मला जमणार नाही.

१४ फेब्रुवारी.
यूट्यूबवर सात तास. आता छाती फाडत नाहीत. उजव्या बाजूला दोन फासळ्यांच्या मधून बोटभर चीर, आत कॅमेरा, झडप दुरुस्त. हाड कापायचं नाही. चारपाच दिवसांत घरी. ठरलं. मी हेच करणार. चारुशीलाला समजावून सांगितलं. तिने एकच विचारलं, दुखतं का हो? बायकांचे प्रश्न.

२३ फेब्रुवारी.
वरूडहून किसनराव आला. चारुशीलाचा धाकटा भाऊ. संत्र्यांचं पोतं घेऊन. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्याचा पाय मुरगळलेला, मला तर वजन मना. पोतं चारुशीलाने चार खेपांत वर आणलं. प्रत्येक वळणावर बसत होती. चहाला पाऊण तास उशीर.
मी किसनरावला संत्र्यावर ऑपरेशन करून दाखवलं. सालीला बोटभर चीर, आत चमच्याचा दांडा, बाकी फळाला धक्का नाही. रस थोडा चादरीवर सांडला. किसनराव म्हणे, भाऊजी, तुमी तं टुणटुणीत दिसून राहिले. मंग आमची ताई काहून अशी हाफून राहिली? हिचा रंग तं पाहा. म्हटलं, तिचा रिपोर्ट क्लीन आहे, काळजीने होतं तसं. तो म्हणे, तुमची काळजी करता करता हेच मरन एखाद दिवशी. शेतकरी माणूस. बोलण्यात पोच नाही.

२ मार्च.
भेटायला येणाऱ्यांची संख्या एकोणतीस. आजारी माणसाला भेटायला येणं ही आपल्याकडची चांगली पद्धत. सगळ्यांना संत्र्यावर दाखवतो. सगळ्यांना चहा-पोहे. चारुशीला दमून जाते, पण पोह्यांत कोथिंबीर विसरणं मला पटत नाही.

९ मार्च.
लक्षणांची यादी वहीत उतरवली. जिना चढताना धाप. आडवं झाल्यावर घुसमट. पायांवर सूज. मला यातलं एकही नाही. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच.
झोप मात्र नीट नाही. चारुशीला माझी उशी घेते. दोन उशांवर टेकून बसल्या बसल्या झोपते, हे काय नवीन खूळ! शिवाय चपला घट्ट होतात म्हणते. गेल्या दिवाळीच्याच आहेत. नवीन घेतल्या, एक नंबर मोठ्या.

१५ मार्च.
देवश्रीचा फोन. बाबा, दीड महिना झाला, डॉक्टरकडे कधी जाताय? म्हटलं, अभ्यास संपत आला. तर म्हणे, आईला द्या. आई दोन वाक्यं बोलली आणि थांबली. देवश्री फोनवर ओरडली, बाबा, आई अशी का बोलतेय? म्हटलं, तुझ्या बापाचं ऑपरेशन आहे आणि तू आईचं काय घेऊन बसलीस! पोरी आईच्याच असतात.

७ एप्रिल, सोमवार.
शेवटी गेलो. हृदयरोगतज्ज्ञ तरुण आहेत, पण ऐकून घेतात. मी वही काढून माझा निर्णय सांगितला. ते म्हणाले, सर, आधी आपण पुन्हा एकदा तपासू. तपासलं. मग त्यांनी जुना रिपोर्ट मशीनशेजारी धरला आणि विचारलं, हा कोणाचा आहे? म्हटलं, वर नाव आहे. ते म्हणाले, सर, तुमचं हृदय उत्तम आहे. हा तुमचा नाही.
मी वाद घातला. फॉर्म मी स्वतः भरला होता.
त्यांनी दाराकडे पाहिलं. चारुशीला बाकावर बसली होती, माझी पाण्याची बाटली आणि फाइल मांडीवर घेऊन. ते उठून तिच्यापाशी गेले, गुडघ्यावर बसले, तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला. तसाच राहिला. ती मला म्हणाली, तुमचं काय म्हणाले? बरं आहे ना?

८ एप्रिल.
बोटभर चीर आता होत नाही. दोन महिन्यांपूर्वी झाली असती, असं ते म्हणाले. आता हृदय फुगलंय, दुसरी झडपही गेली. छाती मधोमध उघडावी लागेल. मी म्हटलं, पण मी सगळा अभ्यास केला आहे.

११ एप्रिल, शुक्रवार. हॉस्पिटल.
किसनराव आला. माझ्याशी बोलला नाही. संत्री ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.
चारुशीला म्हणाली, तुम्ही एवढं वाचलंय, मला नीट सांगा ना, नेमकं काय करतात? त्रेचाळीस माणसांना सांगितलं होतं. संत्रं हातात घेतलं. ठेवून दिलं. ती म्हणाली, राहू द्या. डब्यात मीठ घालायला सांगा आता, तुम्हांला चालतं.
सिस्टरने रक्तपेढीचा फॉर्म दिला. भरून परत केला. ती म्हणाली, काका, हे तुमचं नाव आहे. पेशंटचं लिहा. नवीन फॉर्म दिला. चारुशीला लिहिलं. पुढे वय. आठवेना. विचारायला गेलो तर कॉट रिकामी. तिला आत नेलं होतं.
अंदाजे साठ लिहिलं.