‘पंडित’ शब्दाची एक्केचाळीस कार्डं

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलणं मला कधी जमलंय?

बाबांचं शब्दकोशाचं काम ‘पंडित’वर अडलंय. पंडा म्हणजे बुद्धी, ती ज्याच्या ठायी आली तो पंडित. अर्थ, व्युत्पत्ती, खाली सही, कार्ड अगदी देखणं. पण काल कार्डांचा खोका उघडला, तर तेच कार्ड एक्केचाळीस वेळा. रोज सकाळी नव्याने लिहितात आणि चहा घेताना मला खुशीत समजावतात. मी मान डोलावतो.

पुढच्या शब्दांची कार्डं मीच त्यांच्या अक्षरात लिहून कोशाच्या ऑफिसात पोचवतो. बत्तीस वर्षांचं काम गेलं तर बाबा खचतील गं.

तुझा,
धाकटा

१२ ऑगस्ट

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

शाळेत भाषेत काठावर पास झालेला माणूस कोश लिहितोय, धन्य आहे! हसले, पण हसू टिकलं नाही.

परवा बाबांचं पत्र आलं. तुझी लबाडी त्यांनी ओळखलीय. कोशात चुकीचा अर्थ गेला तर पुढची शंभर वर्षं लोक तोच खरा मानतील, म्हणून आपणच राजीनामा दिला, असं लिहितात. तुझा चेहरा पडेल म्हणून तुला सांगायचं नाही. खूप रडले, पण अभिमानही वाटला.

आज तेच पत्र पुन्हा आलं, शब्दन्‌शब्द तेच. ऑफिसात विचारून लगेच कळव. जिवाला घोर लागलाय.

तुझी,
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राजीनामा दिलाय. नऊ वेळा.

मी कामावर गेलो की बाबा कार्ड ठेवायला खोका उघडतात. आतला ढीग आता नजरेत भरण्याइतका झालाय; तो बघतात आणि त्यांना कळून चुकतं. मग कागद लिहून ऑफिस गाठतात, आपली बुद्धी आता भरवशाची नाही असं उभ्याने सांगतात. संपादक त्यांच्याच हाताखाली शिकलेले. रोज उठून उभे राहतात, कागद घेतात, जिन्यापर्यंत सोडायला येतात. माझी कार्डं त्यांनी केव्हाच बाजूला काढली होती; बाबा ती तिथे बघतात आणि तिथूनच तुला पत्र टाकतात.

घरी येईपर्यंत बाबा सगळं विसरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच घाव, पहिल्यासारखाच. मला ते सोसवेना. काल खोका माळ्यावर टाकला आणि टेबलावर नवा, रिकामा ठेवला.

आज बाबा ऑफिसात गेले नाहीत. दिवसभर खुशीत होते. मलाच त्यांच्याकडे बघवत नाही.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
धाकटा