घरचं घड्याळ

लासूर स्टेशनच्या माझ्या मायला आदिनाथचा दंडवत.

मी खुशाल आहे. जहाजावर जेवण पोटभर मिळतं. आबांचा गुडघा कसाय?

फोनवर आवाज कापंल म्हणून लिहितोय. मागल्या महिन्यात एका बंदरावर उतरलो, तर मोबाईलनं आपसूक त्या गावची वेळ धरली. जहाजाचं घड्याळ तासभर पुढं होतं. मी निवांत चहा पीत बसलो, अन् तिकडं जहाज निघायचं म्हणून दोर सोडायला लागले. पासपोर्ट जहाजातच. लई पळालो, शेवटचा चढलो. जहाजावरच्या साहेबांनी नुसतं नाव लिहून घेतलं. तवापासून मी खाली उतरलो नाय.

धाकली शीला सांगत होती, माझी जेवायची वेळ कळावी म्हणून तू भिंतीवरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावलंस. पत्र मिळताच ते नीट कर, माय. इथं मला कुठल्याच घड्याळाचा भरवसा वाटत नाय. घरचं तरी जागेवर राहू दे.

तुझा आदिनाथ