गांठियावाल्याचे डोळे

१२ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीणाकाका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आणि म्हणाल्या केवढ्याने! बाहेर बाकावर चार माणसं बसलेली. हिरे निवडणाऱ्या असॉर्टरला मोतीबिंदू झाला हे सुरतच्या बाजारात कळलं तर संपलंच. पेढीवरच्या उत्तरेच्या खिडकीत खरा उजेड येतो, तिथे माझी जागा. संध्याकाळच्या आत तिथे मनहर बसेल. मीच शिकवलेला मनहर. चाळिशीतच चष्मा लागला, आणि म्हणे नजरेचा माणूस.
बाईंनी काम काय करता विचारलं. बेसनाच्या गांठियांचं दुकान आहे म्हणालो, वराछा रोडला. पटकन सुचलं. डोकं लागतं.

१४ ऑक्टोबर
बाईंनी लेन्स समजावल्या. साधी बसवली तर लांबचं स्वच्छ, जवळच्याला चष्मा. मल्टिफोकल बसवली तर दोन्ही दिसणार, बहुतेक चष्म्याशिवाय. पण ती उजेड वाटून देते, बारीक छटा जरा पुसट होतात, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. बारीक पारखीचं काम असतं तर नकोच म्हटलं असतं, म्हणाल्या. तुमचं काय, समोर गिऱ्हाईक, हातात तराजू. झकास चालेल.
मल्टिफोकल ठरली. खिडकीत चष्मा लावून बसायला मी काय मनहर आहे?
रिक्षात रळियात म्हणाली, अहो, बाईंना खरं सांगा ना. बायकोला धंद्यातलं काय कळतं.

२७ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी लागली. पेढीवर सांगितलंय, अमरेलीला गावी चाललो. उजवा डोळा झाला. काहीही दुखलं नाही. (ओरडलो ते पाय आखडला म्हणून.)

३० ऑक्टोबर, दिवाळी
प्रत्येक पणतीभोवती तीन-तीन कडी. तेवढ्याच तेलात तिप्पट रोषणाई. लोक उगाच तक्रारी करतात.

१० नोव्हेंबर
डावाही झाला. वर्तमानपत्र वाचलं, समोरच्या गच्चीवरच्या साडीची किनार वाचली. संध्याकाळी घरी वाचायचा जुना चष्मा पुलावरून तापीत टाकला. रळियात म्हणाली, का, तापीमातेला दिसत नव्हतं वाटतं?

२१ नोव्हेंबर
दिवाळीनंतर पेढी उघडायचा मुहूर्त. नारळ फुटला, पहिली पुडी माझ्या हातात. उघडली आणि थक्क. काय माल! सगळा पांढराशुभ्र, एकेक खडा पेटलेला. जुन्या डोळ्यांना जग पिवळट दिसायचं हे आता कळतंय. म्हणजे मी पिवळ्या डोळ्यांनी पिवळं-पांढरं निवडत होतो आणि तरी बाजारात नाव होतं. आता काय करीन!
निश्चय: फुंकर बंद. खड्यावर वाफ सोडली की चकाकी झाकते आणि खरा रंग कळतो. हिऱ्यावरची वाफ पापणी लवायच्या आत उडते, म्हणून जेमतेम तेवढ्यात बघायचं. हे सगळं नजर कमी असलेल्यांसाठी. मनहरला शोभतं.

२ डिसेंबर
मी पांढरा म्हणून बांधलेला माल मुंबईहून परत आला. पिवळा आहे म्हणे. मुंबईत खरा उजेड आहेच कुठे? पेढीचे मालक हसमुखशेठ, त्यांनी पुडी उचलून मनहरला दिली. त्याने सगळा माल पुन्हा निवडला. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही.

५ डिसेंबर
बाईंकडे गेलो. सहज म्हणून सांगितलं, की पांढरं आणि फिकट पिवळं जरा एकात एक मिसळतं. बाई म्हणाल्या, पण काका, गांठिया तर सगळे पिवळेच ना? मीठ पांढरं असतं ना, असं काहीतरी बोलायला गेलो तर बरोबर आलेली रळियात फुटली. म्हणाली, कसले गांठिया, बेन! हे हिरे पारखतात. चाळीस वर्षं!
बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, काका, नुसतं खरं सांगायचं होतं, मी साधी लेन्स घातली असती. आता काढायची म्हणजे डोळ्याला धोका. काही महिने थांबा, मेंदू शिकतो. डोळे कोरडे पडलेत म्हणून थेंब लिहून दिले.
रिक्षात रळियातकडे पाठ करून बसलो. माझा मेंदू कधीच शिकलाय.

८ डिसेंबर
मोठी बातमी! शेठनी मला आत बोलावलं. आता काढून टाकतात की काय असं वाटलं होतं, हे फक्त इथे लिहितोय. तर त्यांनी स्वतःच्या खणातून पुडी काढली. म्हणाले, काका, हा खास माल. दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही, फक्त तुमच्या नजरेसाठी.
खिडकी माझीच. मनहरचा चेहरा एवढासा झाला. मागच्या टेबलावर दिव्याखाली बसून रोजचा माल निवडतो बिचारा.

१९ डिसेंबर
खास माल रोज येतो. फार सुंदर. एका खड्याच्या कडेला टवका होता. कालच्या पुडीतही तसाच एक होता, परवाही. कारागीर रोज तीच चूक करतात म्हणजे काय! शेठना सांगितलं. म्हणाले, रागावतो हं त्यांना, काका.
रळियात दिवसातून चारदा थेंबांची बाटली घेऊन मागे लागते. वैताग आहे.

६ जानेवारी
सकाळी थंडी होती. शेठनी पुडी दिली. खिडकीशी बसलो, चिमट्यात खडा धरला आणि जुन्या सवयीने फुंकर गेली.
वाफ उडाली नाही.
वाटलं, थंडीमुळे. दुसरा धरला. वाफ तशीच बसून. तिसरा धरला, टवक्याचा. त्याच्यावरही बसून राहिली, सावकाश गेली. काचेवरून जाते तशी.
सगळी पुडी तसली. रोजची तीच पुडी.
मान वर केली. मनहर माझ्याकडेच बघत होता. त्याने चष्मा काढला आणि उगाच पुसत बसला. त्याला माहीत होतं. पेढीवर सगळ्यांना माहीत असणार.
मी खडे निवडले. पांढरे वेगळे, पिवळे वेगळे. टवक्याचा बाजूला. पुडी बांधली, वर 'अव्वल' लिहिलं आणि शेठना दिली. शेठ म्हणाले, वा काका, तुमच्या नजरेला तोड नाही. म्हटलं, उद्या जरा लवकर येतो, सकाळचा उजेड चांगला असतो.
जेवण झाल्यावर रळियात थेंब घेऊन आली. म्हटलं, आज नकोत. आज कोरडे नाहीत.