डोअरचं तिसरं वाक्य

नरखेड, १२ जानेवारी २०२५

सौ. मयुरावहिनींस,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

दहावीच्या इंग्रजीत पुन्हा नापास कशी झाले, असं दादाने विचारलंय. सांगायची लाज वाटते. ‘शिप’ शब्दाची तीन वाक्यं लिहायची होती. शिप म्हणजे जहाज, हे येत होतं. पण जहाज मी कधी पाहिलंच नाही, त्याचं काय लिहू? ओळी कोऱ्या सोडल्या आणि दोन गुणांनी गेले. हे म्हणाले, परीक्षेत काहून एवढी खरी वागून राहिली वं!

शाळेत सात वर्षं खिचडी शिजवते, तीही मागच्या दाराने जाऊन. मुख्याध्यापिका यमुताई शिपायाची जागा जूनपर्यंत धरून ठेवणार आहेत, पण दहावी पाहिजेच. मला ती जागा फार हवी आहे, वहिनी.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची नणंद, दीपमाला


नंदनवन, नागपूर, १९ जानेवारी

चि. सौ. दीपमाला हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी पोटभर हसले, मग डोळे भरले. पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवते. वर्गातल्या निम्म्या मुलांनी मला लिहून दिलं की वडिलांची मोटार लाल आहे. घरी साधी सायकल नसायची! तुझ्यासारखं अडून बसलेलं कोणी भेटलं नाही. मला तुझा अभिमान वाटतो.

पण वेडाबाई, न पाहिलेल्या जहाजाबद्दलही खरं लिहिता येतं. आय हॅव नेव्हर सीन अ शिप. झालं की वाक्य! रोज एक शब्द घे, तीन वाक्यं लिही आणि आठवड्याची मिळून टपालाने पाठव. फोनवर नको, हात वळला पाहिजे.

तू पाठवलेली संत्री पोचली. तुझ्या दादाने मला चारच ठेवली.

तुझी वाट पाहणारी,
वहिनी


नरखेड, ५ मार्च

सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षेत या वेळी ‘डोअर’ शब्द आला. द किचन डोअर इज ग्रीन. आय पुश द डोअर विथ माय शोल्डर. हातात पातेलं असतं ना! तिसरं काही सुचेना. वेळ संपत आली तेव्हा लिहून टाकलं, आय विल ओपन द स्कूल डोअर इन जून.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. नापास झाले तर जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं असं होईल.

काळजीत असलेली,
दीपमाला


नरखेड, २६ जून

सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

इंग्रजीत बेचाळीस आले, तेव्हा फोनवर तुम्हीच जास्त रडलात. आजचं मात्र लिहूनच कळवायचं होतं.

आज शाळा सुरू झाली. पुढच्या दाराशी गेले, कुलूप काढलं आणि सवयीने खांदा लावला. दार उघडल्यावर लक्षात आलं की दोन्ही हात मोकळे होते.

दादाला नमस्कार. वाक्यं पाठवत राहीन, तपासत राहा.
तुमची, दीपमाला