तुझी नदीकाठची वस्ती

प्रिय निशू,

काल रूपाली आईला भेटायला आली होती. मीही सासरहून, पिशोरहून आले होते. चहा पिता पिता तुझी ही मैत्रीण म्हणते कशी, "काकू, निशाच्या गेममधी माझं घर तिच्या घराला लागून हाय. ओट्याला ओटा." आईनं डोळ्याला पदर लावला. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. म्हणून आज तुला लिहायला बसले. तू गेल्यापासून भांडायला दुसरं कोण आहे मला?

लॅपटॉपवरचा तो गेम तुला शिकवला कुणी? मी. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, कामावर पाठवायचं, भूक लागली की जेवायला घालायचं. आणि शेजार मात्र रूपालीला?

गेममधली माझी आवडती वस्ती वाळूची. धाब्याची घरं, मागं उघडी टेकडी. देवगाव रंगारीला मामाकडं गेल्यासारखं वाटायचं. तुला नदीकाठचीच पाहिजे होती. "ताई, तुझ्या वस्तीत नुसता फुफाटा हाय. गेममधी तरी पाणी बघू दे की. इथं तर नळाची वाट बघण्यातच जिंदगी चाललीय."

माझं लग्न झालं तरी फोनवर आपलं हेच चालायचं. एकदा सासूबाईंनी विचारलं, "काय गं, दोघी बहिणी कुठं प्लॉट घ्यायलात?" तुला सांगितलं, तर तू हसून हसून फोन ठेवून दिलास.

मग एक दिवस म्हणालीस, "माझ्या वस्तीत ये. तुला जागा ठेवलीय."

"शेजारी का?"

"आल्यावर बघ."

मी येईपर्यंत तू तापानं दवाखान्यात होतीस. तिथून तू घरी आलीच नाहीस, आणि बघायचं राहिलंच.

आज लॅपटॉप उघडला. नदी, पूल, झाडी, सगळं तुझ्या मनासारखं. घरावर बाण नेला की घरच्यांचं आडनाव दिसतं. रूपालीचं घर खरंच लागून होतं. त्या गेममध्ये ओटा मिळत नाही, तू फरशी जोडून जोडून केलास. माझ्या वाळूच्या घराला कधी करून दिलास का गं? दुसऱ्या बाजूला गुलमंडीचा तो कापडवाला, ज्याच्याकडं आपण ब्लाऊजपीस घ्यायचो. त्यालासुद्धा घर.

मी एकेका घरावर बाण नेऊन माझं सासरचं आडनाव शोधत होते, काळे. पूल ओलांडून पलीकडं गेले. काळे कुठंच नव्हते. कापडवाल्याला जागा आहे आणि सख्ख्या बहिणीला नाही? लॅपटॉप आपटून मिटला आणि आईला म्हणाले, "तिला रूपालीच जास्त होती. मला वस्तीत ठेवलंच नाय."

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काळे कशाला शोधतीस? तिनं तुला काळे म्हणलं का कधी?"

खरंच, तू कधीच म्हणाली नाहीस. माझ्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरही 'वर्षा सोनवणे' लिहिलंस, त्यावरून मावशी किती बोलली तुला.

सोनवण्यांचं घर म्हणजे तुझंच, म्हणून मी त्याच्यात डोकावलेच नव्हते. परत उघडलं. आत एका खोलीत दोन पलंग, आपल्यासारखे. ओट्यावर तू बसलेली, आणि तुझ्या बाजूला चष्मेवाली, लांब वेणीची मी. खाली नाव, वर्षा सोनवणे. दोघी कशाला तरी हसत होतो.

मी खूप रडले, निशू. रूपालीवरचा राग गेला. बसू दे बिचारीला तिच्या ओट्यावर, ती तर शेजारीणच आहे.

पण आता माझा जळफळाट होतोय तो त्या वेणीवालीवर. तिला सासर नाही, पिशोरची बस नाही. तुझा ताप तिनं बघितला नाही. मी इथं स्क्रीनला हात लावून बसलेय, आणि ती खुशाल तुझ्या मांडीला मांडी लावून बसते. माझंच नाव, माझाच चष्मा, आणि तू तिच्याजवळ.

तरी कबूल, तुला शब्द देते. त्या घरातून तिला कधी हलवणार नाही. माहेरी आले की तुम्हा दोघींना आधी जेवायला घालीन, मग मी जेवीन. आणि वाळूच्या वस्तीचं नाव परत काढणार नाही. तुझीच वस्ती भारी आहे. जिंकलीस तू.

तुझी ताई,
वर्षा सोनवणे