साडेसातची गोळी

प्रिय जहाजवाल्या,

दर रविवारी तू फोनवर विचारतोस, "खारूनं गोळी घेतली ना?" आणि मी "हो" म्हणून, ती कशी घेतली ते न सांगता, विषय बदलते. म्हणून हे लिहून पाठवतेय. फोनवर मी पुन्हा खोटंच बोलेन.

तू बोटीवर गेलास त्याच आठवड्यात आपल्या लेकीनं गोळीला नाही म्हणायला सुरुवात केली. आठ वर्षांची पोर, पण तोंड असं मिटायची की पकडीनंही उघडू नये. फिट येऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ साडेसातची एकही गोळी चुकता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आठाच्या ठोक्याला मला कारखान्यात, कापडाच्या थप्पीसमोर हजर व्हायचं. मग मी गोळी कुटून साखरपाण्यात कालवायला लागले. ती थुंकायची. भिंतीवर, माझ्या कपड्यांवर, एकदा थेट डोळ्यांत. आधी लाडीगोडी झाली, मग धाक, मग चापट. पुढे पुढे तर मी तिला सरळ फरशीवर पाडायचे, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबायचे, नाक चिमटीत धरायचे आणि श्वासासाठी तोंड उघडलं की चमचा आत खुपसायचे. एकदा तिनं माझा अंगठा हाडापर्यंत चावला. चार टाके पडले. तुला म्हटलं होतं, कात्री लागली. शेजारच्या काकू दार बडवायच्या, "अगं, मारून टाकशील पोरीला!" मी आतून किंचाळायचे, "जगवतेय तिला!"

एक दिवस ती आपणहून म्हणाली, "आई, नुसती गोळी दे, मी घेते." माझा जीव भांड्यात पडला. बारा दिवस घर शांत होतं. तेराव्या दिवशी शाळेच्या जिन्यात तिला फिट आली, गडगडत खाली गेली, कपाळ फुटलं. दवाखान्यात तिचं दप्तर उघडलं, तर तळाशी जुन्या मोज्यात पंचवीस गोळ्या सापडल्या.

तिथल्या औषधं देणाऱ्या बाईंनी मला नाही, खारूलाच विचारलं, "कशी लागते गं?" ती म्हणाली, "जळते." ही गोळी कुटायचीच नसते रे. वरचं आवरण फुटलं की तोंड भाजल्यासारखं होतं. मी रोज दोनदा तिच्या तोंडात जाळ ओतत होते. बाईंनी तिला आधी साखरेचे बारीक दाणे, मग जरा मोठे, दह्याच्या चमच्याबरोबर गिळायला शिकवलं. आता दोन महिने झाले, एकही गोळी चुकलेली नाही. ती गिळते आणि दारावरच्या कागदावर स्वतः खूण करते. मी फक्त शेजारी बसते, हात मांडीवर ठेवून. तरी वेणी घालायला हात उचलला, की ती अजूनही दोन्ही तळव्यांनी नाक झाकते.

मागच्या रविवारी फोटो बघून तू विचारलंस, तिचा पुढचा दात कुठे गेला. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, झोपाळ्यावरून पडले." हे मी तिला शिकवलं नव्हतं. झोपाळा नव्हता रे, मी होते, तेव्हा चमचा खुपसताना. दुधाचा नव्हता, कायमचा दात होता. फोन ठेवल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "आता बाबा तुला ओरडणार नाहीत." शनिवारी तू येशील. तिला काही विचारू नकोस, ती पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलेल. जे विचारायचं ते मला विचार. आणि तिला आत्याकडे ठेवायचं ठरवलंस, तर तिची बॅग मी स्वतः भरून देईन.

तरीही तुझीच,
खारूची आई